शेपटीच्या रेघा

चॅपल लेन, हॅझलिंग ग्रीन, सफोक
४ ऑक्टोबर १९२८

रूबेन,

माझ्या भावजयीचा, मेबलचा, खोकला कसा आहे? धुकं पडायला लागलं की तिच्या छातीत भाता चालू होतो. बदकाची चरबी लावून वर खाकी कागद बांधायला सांग, डॉक्टर हसला तर हसू दे. पोरांचं काय? डोराच्या कानाचा ठणका गेला का? सिरिल मोटारसायकलवरून पडला होता, त्याचं खांद्याचं हाड सरळ जुळलं ना? तुझ्या सासूबाईंना अजून दिसतंय का, निदान दुसऱ्याच्या घरातली जळमटं दिसण्याइतकं? आणि नेल कशी आहे? मार्चमध्ये तू तिला घेऊन आला होतास, तेव्हा चुलीपुढून उठायलाच तयार नव्हती. जाताना तुझ्यापेक्षा त्या कुत्रीलाच जास्त जड गेलं.

तुझी तब्येत शेवटी विचारायची म्हणून ठेवली होती. आता शेवट आला तरी लेखणी तिकडे वळत नाही. राहू दे.

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण माझ्या हातचं जेवलेल्या माणसाला सांगायची सवय जात नाही. चॅपलच्या मागच्या विटांच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत. भिंती इतक्या सरळ की डोकं दुखतं. इथे काही हातातून पडलं तर पडल्या जागी राहतं. लार्कहोलला एक्कावन्न वर्षं काढली मी. तिथे माडीवर बटण पडलं की मी वाकतसुद्धा नव्हते. सरळ तळ्याच्या अंगाच्या उतरत्या कोपऱ्यात जाऊन उचलायची. परवा इथे बटण पडलं आणि मी सवयीने कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. शेजारी आल्फ बॉरेट असतो, तो गाडीवाला. खिडकीतून म्हणाला, "केझाया, भिंतीशी बोलतेस होय?" मी म्हटलं, "हिच्याशी काय बोलणार, हिला कान फुटायला अजून तीनशे वर्षं आहेत."

तर तुझं पत्र. तीन महिन्यांनी आलं आणि त्यात चार ओळी. लार्कहोलच्या घराचा उतरवून नेलेला लाकडी सांगाडा तिकडे सरे परगण्यात उभा होत नाही. खालचं बसलं, पण वर गेल्यावर खांब एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, धिरे, ते तिरके टेकू, खाचेपर्यंत पोचत नाहीत, कुठे इंचभर कमी, कुठे इंचभर जास्त. आणि शेवटची ओळ: "जुन्या रेघांबद्दल त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस ना? लगेच कळव."

त्या दिवशी मी काय सांगत होते ते तुला आठवतं, आणि तू काय म्हणालास ते आठवत नाही?

मी आठवण करून देते, पण जुलैपासून नाही, मार्चपासून. सात वर्षांनी तू, माझा धाकटा भाऊ, दारात उभा राहिलास. मी हातातलं पीठ पुसलंही नाही, तशीच तुला बिलगले, तुझ्या काळ्या कोटावर माझे दोन्ही पंजे उमटले. नऊ दिवस राहिलास. पहिल्याच दिवशी पायाच्या तुळईत चाकू खुपसलास आणि म्हणालास, "केझी, तळ्याच्या अंगाला लाकूड भुसभुशीत झालंय. सगळं घरच एकदा नीट मोजून काढतो. मालकासमोर नकाशा ठेवला की दुरुस्तीला नाही म्हणायची त्याची छाती नाही."

"माझ्या हयातीत होईल का रे?" मी विचारलं.

"तुझ्या हयातीसाठीच तर करतोय."

मग नऊ दिवस मी तुझ्या टेपचं टोक धरून घरभर हिंडले. तू "धर" म्हणालास की धरलं, "सोड" म्हणालास की सोडलं. चुलीमागची फळी कुठे उचलते, जिन्याखालून तुळईची बूड कशी दिसते, कौलाखाली शिरायला कुठून वाट आहे, सगळं मी दाखवलं. टॉमलासुद्धा, माझ्या नवऱ्यालासुद्धा, जे माहीत नव्हतं ते दाखवलं. संध्याकाळी रश्श्यातले पिठाचे गोळे तू सात-सात खाल्लेस आणि टेबलावर कागद पसरून रेघा ओढत बसलास. मी समोर बसून बघायची. लहानपणी तू असाच अभ्यास करायचास आणि मी समोर बसून मोजे विणायची. तुझ्या पाटीवरची अक्षरं मी उलटी बघूनच शिकले. कुणी शिकवली नाहीत मला. अजूनही उलटं अक्षर मला सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतं.

आणि त्यानेच घात केला. मे महिन्यात नव्या मालकाचा कारभारी आला. माझ्याच टेबलाशी बसला, स्वतःसमोर कागद पसरला आणि म्हणाला, "मिसेस अ‍ॅल्डस, चोवीस जूनला जागा सोडावी लागेल. घर विकलं नाही, घराचा सांगाडा विकलाय. सरेचे एक गृहस्थ आहेत, ते लाकूड उतरवून नेणार, आणि तिकडे टेकडीवर पुन्हा उभं करणार."

मी म्हटलं, "असं कुठे होतं? हे काय मांडवाचं बांबूकाम आहे?"

"सगळं मोजून झालंय हो," तो म्हणाला. "नकाशे कधीच तयार आहेत."

तो नकाशा माझ्या बाजूने उलटा होता. मला तर उलटंच बरं वाचता येतं. तुझ्या हातचा सातचा आकडा, मधोमध आडवी रेघ दिलेला. आणि कोपऱ्यात माझ्या तपकिरी किटलीच्या बुडाचा गोल डाग. मीच ठेवली होती किटली तिथे. तू म्हणाला होतास, "असू दे गं, डाग पडला तर पडला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं.

तेव्हा तुझ्या तुळया बसत नसतील तर मला काय विचारतोस? मला त्यातलं काय कळतं? तुझे टिनचे बिल्ले आहेत ना, प्रत्येक लाकडावर छापील आकडा मारलेले? त्यांना विचार.

केझाया

*

चॅपल लेन
२० ऑक्टोबर १९२८

रूबेन,

मेबलला बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. या वेळी सहा पानं लिहिलीस. माझ्या गुडघ्याचीही चौकशी केलीस. गुडघा ठीक आहे, नसलेला जिना चढावा लागत नाही त्याला.

पानं मी तीनदा वाचली. तू म्हणतोस, नवा मालक ते घर पाडणारच होता, तिथे कोंबड्यांची लांब पत्र्याची खुराडी करणार होता. तू नसतास तर लार्कहोलचं सरपण झालं असतं. तू घर वाचवलंस. शिवाय सरेच्या त्या मिस्टर हॅलामसारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळत नाही, हे काम नीट झालं तर जुनी घरं हलवणारा माणूस म्हणून तुझं नाव होईल.

खरं असेल. मालकाचे डोळे मी पाहिले आहेत, त्यात घर दिसत नव्हतं, जागा दिसत होती. म्हणजे घर जाणारच होतं. बरं. मग मार्चमध्ये पहिल्याच रात्री जेवताना एवढंच का म्हणाला नाहीस, की केझी, घर हातचं जातंय, निदान त्याची हाडं वाचवू? मी रडले असते, चार दिवस बोलले नसते तुझ्याशी, पण पाचव्या दिवशी टेप मीच धरली असती. तू घर मोजलंस याचं नाही रे मला. टेपचं टोक माझ्या हातात देऊन, माझ्याकडून मोजून घेतलंस, याचं आहे.

तू सहा वर्षांचा असताना बाबा गेले, आई त्याआधीच. मी वीस वर्षांची, टॉमशी लग्न ठरलेली. टॉमला मी सांगितलं, मी येईन तर हा पोरगा बोटाला धरून येईन. टॉम म्हणाला, "येऊ दे, माडीवर जागा आहे." बाबांची करवत नि रंधा तुला देऊन तुला सुतार करता आलं असतं. मीच हट्टाने शाळेत घातलं. म्हटलं, याचे हात सोलायला नकोत, याने कागदावर घरं बांधावीत. बांधलीस की.

आता जुलैचं. तू आठवत नाही म्हणतोस.

दोन जुलैला तुझी माणसं शिड्या घेऊन आली. मला चोवीस जूनलाच निघायला हवं होतं, पण आल्फच्या गाडीचं चाक मोडलं होतं म्हणून मी गोठ्यात बिछाना टाकला होता. चाक कसं मोडलं ते आल्फला विचार. आधी कौलं उतरली. मग कुडाच्या भिंती. मोगरीचा एक घाव घातला की माती भसकन खाली, आणि आतून हेझलच्या काठ्या आणि गवत. चारशे वर्षांपूर्वीचं गवत, रूबेन, आणि पिवळं! काल कापल्यासारखं. त्याचा वासही आला. तुझी माणसं त्यावरून चालत गेली.

मग मोकळा सांगाडा राहिला, सगळे खांब आपले डोक्यावर उभे, झाडाचा बुंधा वर आणि शेंडा खाली, जुन्या सुतारांची ती रीतच, चार शतकं असे उलटे उभे. तू शिडीजवळ उभा होतास. मी तोपर्यंत तुझ्याशी शब्द बोलले नव्हते. तरी राहवलं नाही. जवळ येऊन म्हटलं, "रूबेन, एक ऐक. प्रत्येक सांध्यावर चुन्याखाली रेघा आहेत. बाबांनी मला त्या—"

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तुझ्या माणसांकडे बघून हसलास. म्हणालास, "ती जुन्या सुतारांची गिचमीड आहे, अर्धी किड्यांनी खाल्लीय. आपले बिल्ले आहेत. केझी, तू चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं. अकरा माणसांना तीन दिवस चहा दिला, बिस्किटं दिली. दुपारी सगळे जेवायला गुत्त्यावर गेले की मी अंगणात पडलेल्या ओकच्या खुंट्या ओच्यात गोळा करायची, जाळायला. आल्फ कुंपणावरून म्हणाला होता, "केझाया, एवढ्या खुंट्या लागतात होय तुला? जुलै आहे!" मी म्हटलं, "म्हाताऱ्या बाईला बारा महिने थंडी असते."

तुझे सांधे का बसत नाहीत ते मला ठाऊक नाही. प्रवासात लाकूड फुगलं असेल.

केझाया

*

चॅपल लेन
३ नोव्हेंबर १९२८

रूबेन,

काल तुझं पत्र आलं. आज आधी चॅपलला जाऊन आले, मग लिहायला बसले. आज तब्येती विचारत नाही, वेळ नाही.

तू लिहितोस की मिस्टर हॅलामने महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर सांगाडा उभा राहिला नाही तर तो लाकूड कापून काढणार. मोठ्या तुळयांच्या शेकोट्यांवरच्या फळ्या आणि बाकीच्याची बागेतली बाकं. करवतीवाल्याला निरोपही गेला. तू लिहितोस, "केझी, मला शिक्षा व्हावी असं तुला वाटत असेल तर झाली. पण तू काही लपवत असशील तर घरासाठी सांग, माझ्यासाठी नको."

घरासाठी सांगते.

मी खुंट्या गोळा करत नव्हते. म्हणजे वर खुंट्या होत्या, खाली ओच्यात बाबांची पक्कड होती.

तुझ्या माणसांनी तळ्याच्या बाजूची लाकडं नासपतीच्या झाडाखाली रचली होती आणि रस्त्याच्या बाजूची गोठ्याजवळ. प्रत्येकावर एक टिनचा बिल्ला, एका चुकेने ठोकलेला. दोन्ही ढीग दिसायला सारखे. धिऱ्यासारखा धिरा, खांबासारखा खांब. दोन दुपारी मी या ढिगापासून त्या ढिगापर्यंत जात-येत राहिले. तळ्याच्या तिसऱ्या खांबाचा बिल्ला रस्त्याच्या तिसऱ्याला, रस्त्याच्या पाचव्या धिऱ्याचा तळ्याच्या पाचव्याला. सतरा जोड्या बदलल्या. चुका त्याच भोकांत परत ठोकल्या, अंगठ्याने दाबून, आवाज होऊ नये म्हणून. आल्फने पाहिलं असणार. संध्याकाळी त्याने अर्धी डुकराची मांडी आणून दिली.

मला काय हवं होतं? तुझी फजिती. टोप्या घातलेल्या मोठ्या माणसांसमोर तू नकाशा धरून उभा आहेस आणि घर तुझं ऐकत नाही, हे मी गोठ्यात पडून रोज डोळ्यांपुढे आणायची आणि मला झोप लागायची. बसून राहिलेल्या गाईसारखं ते घर माझ्या मनात होतं. ओढा, ढकला, उठत नाही म्हणजे नाही. मी मनात म्हणायची, शाबास गं बाई.

जे जनावर उठत नाही त्याचं पुढे काय करतात, हे गवळ्याच्या बायकोला कुणी सांगायला हवं होतं का? एक्कावन्न वर्षं गाई पाळल्या मी. तरी ते डोक्यात आलं नाही. काल तुझ्या पत्रात करवतीवाल्याचं नाव वाचलं तेव्हा आलं.

तू माझ्याशी जे केलंस ते मी घराशी केलं. त्याचा माझ्यावर भरवसा होता म्हणायला ते काही बोलत नाही. पण मार्चमध्ये मीही भरवसा बोलून दाखवला नव्हता असं तू म्हणशील, म्हणून हे वाक्य मी खोडणार होते. नाही खोडत.

आता नीट वाच आणि कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांग, म्हणजे तू मध्येच घाई करणार नाहीस.

बिल्ले सगळे काढून फेकून दे. सतराच काढायचे म्हणून शोधत बसू नकोस, मला सगळे नेमके आठवतही नाहीत. प्रत्येक लाकडाच्या टोकाशी, खाचेच्या किंवा खाचेत शिरणाऱ्या जिभेच्या अगदी जवळ, चुन्याचा थर आहे. तारेच्या ब्रशने घासू नको, रेघा जातील. कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेव, मग बोथट लोण्याच्या सुरीने हळू खरवड. खाली छिन्नीच्या सरळ रेघा निघतील. एक, दोन, तीन, चार. पाचासाठी दोन तिरक्या रेघा टोकाशी मिळवलेल्या. खांबावर जी खूण तीच त्यात बसणाऱ्या लाकडावर. जोडी जुळली की बसणारच. कारण त्या सुताराने प्रत्येक जीभ तिच्या एकाच खाचेवर ठेवून, रेघ मारून कापलेली आहे. दुसरीत ती जात नाही, मेली तरी जात नाही. तुझा तो इंच तिथला आहे.

आता म्हणशील, तीन आकडा तर दोन्ही बाजूंना आहे. मीही म्हटलं होतं. मी नऊ वर्षांची होते. वादळात लार्कहोलचा एक धिरा निखळला होता आणि बाबांना दुरुस्तीला बोलावलं होतं. आई आजारी, म्हणून मी बरोबर. कौलांखाली दिवसाही काळोख, मी कंदील धरून.

"बाबा, दोन्हीकडे पाचच आहे की. कुठला कुठे?"

"कंदील खाली घे. शेवटच्या रेघेचं बूड बघ. काय आहे?"

"वळलंय. डुकराच्या शेपटीसारखं."

"आणि पलीकडच्या पाचाला?"

"नाही शेपूट."

"मग संध्याकाळी शेपटीची जनावरं कुठे जातात, केझी?"

"पाण्यावर."

"झालं तर. शेपटीची तळ्याकडे, बिनशेपटीची रस्त्याकडे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्यासाठी लिहून ठेवलंय, आणि त्याला लिहिता येत नव्हतं बरं का."

जुलैत तुला हेच सांगायला आले होते. दोन मिनिटं लागली असती.

एक धिरा मात्र असा आहे ज्यावर दोन खुणा दिसतील. जिन्याजवळचा, तळ्याच्या बाजूचा पाचवा. तो बाबांनी नवा कापला. तिथे बाबांनी जुनी खूण कोरली, शेपटीसकट, आणि खाली एक छोटी आडवी रेघ. ती रेघ मी मारली. बाबांनी छिन्नी माझ्या हातात दिली होती. त्यांच्या हयातीत त्यांनी ती तुला दिली नाही, कारण तू लहान होतास. आणि नंतर मी दिली नाही, कारण तुला शाळेत जायचं होतं.

सिरिलला बरोबर घे. खांदा दुखत असेल तर खरवडायचं काम एका हातानेही होतं.

केझाया

*

चॅपल लेन
१४ नोव्हेंबर १९२८

रूबेन,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. रागावला असशील. रागाव. तुझ्याइतकाच मला हक्क आहे, पण तो आता थोडा कमी वापरते, जुना झाला की लोणीसुद्धा खवट होतं.

दाराजवळचा मोठा खांब कसा आहे? पावसात त्याचं डोकं फुगतं, त्याला ताडपत्री घातली आहे ना? चुलीवरची तुळई? तिच्या पोटातल्या चिरेत टॉम पाइप पुसायची काडी ठेवायचा, ती मिळाली तर टाकू नको. तळ्याच्या बाजूची पायाची तुळई, जिच्यात तू चाकू खुपसलास, ती खरंच भुसभुशीत होती की तेही खोटं होतं? खरंच असेल तर तेवढीच नवी घाल, ओकचीच, ओली, आणि तिच्यावर शेपूट कोरायला विसरू नको. काजळी धरलेले वासे कसे आहेत? कुणी धुवून काढायला निघालं तर त्याचा हात धर. आणि जिन्याजवळचा पाचवा धिरा, ज्यावर तू रोज कपाळ आपटायचास आणि रोज त्यालाच लाथ मारायचास? त्याला सांग मी विचारलंय.

मिस्टर हॅलामला घर ऐटीत दिसावं म्हणून शेपटीची बाजू रस्त्याकडे करायची असेल. करू देऊ नकोस. तिथे टेकडीवर पाणी नसेल तर एक डबकं खणायला लाव. बदकांसाठी म्हण, शोभेसाठी म्हण, काहीही थाप मार. तुला जमतं ते.

तुला मी माफ केलंय का, हे विचारू नकोस. मलाच माहीत नाही. रोज सकाळी उठून बघते, मनातलं ते दुखणं अजून असतं तिथेच. तूही माझं बघत असशील.

या पत्राबरोबर डबीत एक गोटी आहे. निळी, आत पांढरा दोरा असलेली. तुझी माणसं माडीच्या फळ्या उचलत होती तेव्हा तळ्याच्या अंगाच्या कोपऱ्यात सापडली. तू सात वर्षांचा असताना हरवली म्हणून दोन दिवस जेवला नव्हतास, आणि टॉमने चोरली असा आळ घेतला होतास. मी ती जुलैतच तुला द्यायला हवी होती. पण तू चहाचं बघायला सांगितलं होतंस, म्हणून ओच्यात टाकली.

घर उभं राहिलं, माडी घातली, की सगळ्यांना बाहेर काढ. हॅलामला, सुतारांना, सगळ्यांना. एकटा वर जा आणि गोटी खोलीच्या मधोमध ठेव. ढकलायची नाही, नुसतं बोट काढून घ्यायचं. ती तळ्याच्या अंगाच्या कोपऱ्यात गेली तर घर बरोबर उभं आहे. जागच्या जागी राहिली तर ते लार्कहोल नाही, कुठेतरी चुकलंय, पुन्हा उतरव.

कुठे गेली तेवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पण लवकर लिही, रूबेन. मी दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघते आणि आल्फने विचारलं की सांगते, मला थंडीसाठी खुंट्या हव्या आहेत.

तुझी बहीण,
केझी